उकळतं पाणी ओतू नका: पॅलिथोआ असलेला दगड टँकमधून कसा काढावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरापूर्वी तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या एका लाईव्ह रॉकवर, म्हणजे जिवंत समुद्री जीव असलेल्या दगडावर, चार-पाच तपकिरी पॉलिप (फुलासारखे छोटे समुद्री जीव, बहुधा पॅलिथोआ) आले होते. आता त्यांनी तो अख्खा दगड व्यापलाय आणि शेजारच्या कोरलवर ते चढायला लागलेत. येत्या रविवारी दगड बाहेर काढायचा, बेसिनमध्ये ठेवून त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि ब्रशने घासून स्वच्छ करायचा, असा तुमचा बेत आहे. एक जण म्हणतो, हे जीवघेणं आहे. दुसरा म्हणतो, मी दहा वर्षं उघड्या हातांनी काढतोय, काही होत नाही. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून तुम्ही विचारताय.

बाकी काही वाचायला वेळ नसला तरी एवढं वाचा: उकळतं पाणी ओतू नका. आणि दगड टँकबाहेर ब्रशने घासू नका.

त्या दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. पण ते प्रत्येक पॅलिथोआत असतंच असं नाही आणि असलं तरी सारख्या प्रमाणात नसतं. अमेरिकेत शोभेच्या टँकसाठी दुकानांत विकायला ठेवलेल्या झोअँथिडचे (पॅलिथोआ आणि त्याचा भाऊबंद झोअँथस ज्या गटात येतात त्याचे) नमुने तपासून 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही पॅलिथोआंमध्ये प्रचंड प्रमाणात विष निघालं, तर काही नमुन्यांत ते सापडलंच नाही. दहा वर्षं उघड्या हातांनी काढणाऱ्याच्या टँकमध्ये बहुधा दुसऱ्या प्रकारचे असावेत, किंवा त्याच्या हाताला कधी ताजी जखम नसावी. त्याचा अनुभव त्याच्या टँकपुरता खरा आहे, तुमच्या टँकला तो लागू होईलच असं नाही. तुमचे पॉलिप कोणते हे घरबसल्या ठरवायचा मार्ग नाही. रंगावरून कळत नाही. हे तपकिरी, साधे, दुकानात कुणी विकतही घेणार नाही असे दिसतात म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. उलट दगडावर आपोआप उगवणारे, मोठ्या तोंडाचे, तपकिरी पॅलिथोआच मला जास्त काळजीचे वाटतात.

पॅलिथोआ आणि झोअँथस यांतला फरक मात्र बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. पॅलिथोआ वाळूचे कण स्वतःच्या अंगात मुरवून घेतो. त्यामुळे पॉलिपचा देठ आणि त्याच्याखाली दगडावर पसरलेला सायीसारखा थर भिंगातून पाहिला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत दिसतो. झोअँथसचं अंग गुळगुळीत असतं. पॅलिथोआचा पॉलिप सहसा मोठा आणि बाहेरचे तंतू लांब असतात. हे पाहायला काचेतून भिंग धरलं तरी पुरतं, बोट लावायची गरज नाही. आणि झोअँथस निघाला तरी मी खाली सांगतोय ती काळजी तशीच घेतो, कारण ओळखण्यात चूक होते आणि बाजारातली नावं तर अगदीच बेभरवशाची असतात.

हे विष करतं काय, ते समजलं की बाकीची काळजी आपोआप सुचते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. दर फेरीत तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हा पंप म्हणजे दोन दारांची खोली समजा: एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि दोन्ही दारं एकाच वेळी उघडी ठेवतं. मग सोडियम भसाभसा आत येतं आणि पोटॅशियम बाहेर निघून जातं. स्नायू, हृदय, रक्तवाहिन्या, फुफ्फुसं, सगळ्यांच्या पेशींत हाच पंप आहे. म्हणूनच लक्षणं अशी विखुरलेली दिसतात: तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, हातापायांना मुंग्या, स्नायूंत अशक्तपणा. रेणूही साधासुधा नाही, त्याचा रेणुभार 2,680 च्या आसपास आहे. हवाईत माऊई बेटावरच्या हाना गावाजवळच्या एका कुंडातल्या जिवाला तिथले लोक 'लिमू माके ओ हाना', म्हणजे हानाचं मारक शेवाळ म्हणत. तोच हा पॅलिथोआ. रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी 1971 मध्ये त्यातून हे विष वेगळं करून दाखवलं.

आता उकळत्या पाण्याबद्दल. ही कल्पना कुठून येते हे मला माहीत आहे आणि ती सुचण्यात तुमची काही चूक नाही. लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात, कारण माशांचं ते विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. टँकमध्ये तणासारखा वाढणाऱ्या ऐप्टेशिया या छोट्या जिवावर उकळतं पाणी टोचायची पद्धतही जुनी आहे. पण पॅलिटॉक्सिन प्रथिन नाही. उकळल्याने ते मोडत नाही. पॉलिप मरतो, फाटतो, आतलं सगळं पाण्यात येतं आणि उसळत्या वाफेबरोबर बारीक तुषार बनून हवेत उडतं. तुम्ही बेसिनवर वाकलेले असता. बंद खोलीत तीच हवा तुम्ही श्वासात घेता आणि शेजारच्या खोलीतली मुलगीही घेते. दगड उकळून झालेल्या विषबाधेच्या ज्या नोंदी आहेत त्यांत अनेकदा घरातली इतर माणसं आणि पाळीव प्राणीही आजारी पडलेत, दगडाला हात न लावता.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हंटन गावी 2018 मध्ये असंच झालं. घरच्या टँकमधलं कोरल बाहेर काढल्यानंतर त्या कुटुंबाला आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या चार जवानांना, मिळून दहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. अलास्कात 2012 ते 2014 या काळात दुकानांत आणि घरांत झोअँथिडमुळे श्वासावाटे झालेल्या बाधेच्या घटना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवल्या आहेत. यातली सगळी माणसं काही नवशिकी नव्हती, हे मला जास्त लक्षात ठेवावंसं वाटतं.

म्हणजे टँकमध्ये, पाण्याखाली, न दुखावलेला पॅलिथोआ तुमच्या घराला धोका नाही. माझ्या स्वतःच्या टँकमध्ये तो आहे आणि मी त्याच खोलीत बसून काम करतो. धोका आपण तयार करतो: उष्णतेने, घासून, फवारून, किंवा वाळू देऊन आणि मग खरवडून. प्रेशर वॉशर, पाण्याचा फवारा मारणारी करवत, फिरतं ड्रेमेल (हातात धरायचं कापायचं-घासायचं छोटं यंत्र), कडक ब्रश ही सगळी अवजारं एकच काम करतात, विष हवेत पोचवतात. माझ्या ओळखीच्या एकाने 'आता मेलेच आहेत' म्हणून पंधरा दिवस उन्हात वाळवलेला दगड तारेच्या ब्रशने घासला. अर्ध्या तासात तोंड कडू झालं, संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन दिवस तो फ्लूच समजत होता. मेलेल्या, वाळलेल्या पॉलिपमध्येही विष टिकून राहतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या दगडाचं काय करायचं ते आता सांगतो.

पहिला पर्याय अनेकांना पचत नाही, पण मला तोच आवडतो: काढू नका, वेगळा करा. पॅलिथोआ मुख्यतः लागून असलेल्या पृष्ठभागावर सरकत वाढतो. तो दगड बाकीच्या रचनेपासून वेगळा करून वाळूत मध्येच, चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा सोडून ठेवला, तर तो त्याचं बेट सोडून सहसा कुठे जात नाही. शेजारच्या कोरलवर चढलेले दोन-चार पॉलिप असतील तर पाण्याखालीच त्यांच्यावर एपॉक्सी पुट्टीचा जाड थर बसवून गाडून टाका. कडेने पुन्हा फुटतील, पुन्हा लिंपा. दगडावरची पॉलिपची अख्खी चादर टँकमध्येच मारायच्या फंदात मात्र पडू नका. इतकं ऊतक एकदम सडलं तर मासे आणि कोरल दोन्ही धोक्यात येतात.

दुसरा पर्याय दगड काढून टाकण्याचा. त्यात मुद्दा एवढाच की दगड घासायचा नाही, जसाच्या तसा ब्लीचमध्ये घालायचा.

काम मोकळ्या हवेत करा. गच्ची, अंगण, निदान उघडी बाल्कनी. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही नकोत. मुलगी आणि पाळीव प्राणी त्या वेळी घराबाहेर असलेले उत्तम. घरातल्या एका मोठ्या माणसाला काय चाललंय ते नीट सांगून ठेवा, विषाचं नावही सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर काढा. हाताला कापलेलं, खरचटलेलं, नखाजवळ साल निघालेलं असेल तर काम पुढे ढकला. रविवारच सांभाळायचा असा काही नियम नाही.

कोपरापर्यंत येणारे जाड रबरी ग्लोव्ह्ज आणि त्यांच्या आत नायट्राइलचे. डोळ्यांना चहूबाजूंनी बंद असलेला गॉगल, साधा चष्मा नाही. एन-95 मास्क लावा, पण तो लावलाय म्हणून बाकीच्यात ढिलाई नको. तो चुकून उडालेल्या तुषारांसाठी आहे, तुम्ही मुद्दाम उडवलेल्या वाफेसाठी नाही.

गॉगलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक सर्वांत आधी तोच गाळतात. काही वर्षांपूर्वी मी एक फ्रॅग, म्हणजे कोरलचा छोटा तुकडा, काढत होतो, टबातल्या पाण्यात, पण दगडाचं टोक पाण्याबाहेर राहिलं होतं. छिन्नी बसली आणि मिटलेल्या पॉलिपमधून केसासारखी बारीक धार सरळ गॉगलच्या काचेवर आली. उजव्या डोळ्यासमोर एक दुधट थेंब, हळूहळू खाली ओघळणारा. तो पुसायला माझा हात आपोआप वर गेला आणि गालाजवळ थांबला, कारण ग्लोव्ह्जच्या बोटांवर तोच बुळबुळीत स्राव चमकत होता. काच होती म्हणून थेंब डोळ्यात गेला नाही. पण हात थांबला नसता तर तो मीच गालावर चोपडला असता. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी कोरड्या टिश्यूंचा गठ्ठा बाजूला ठेवतो, मध्ये काहीही झालं तरी आधी बाहेरचे ग्लोव्ह्ज उतरवतो आणि गॉगल सर्वांत शेवटी काढतो. डोळ्याच्या पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, या विषाने झालेली इजा फार वाईट असते. तो पडदा विरघळत जाऊन दृष्टी गेल्याच्या नोंदी आहेत.

टँकमधली पाणी हलवणारी आणि गाळणारी यंत्रं, म्हणजे वेव्हमेकर, स्किमर आणि रिटर्न पंप, बंद करा. पाणी स्थिर झाल्यावर पॉलिपना हलकेच हात दाखवा म्हणजे ते मिटतील. घट्ट झाकणाची बादली टँकच्या पाण्याने अर्धी भरून जवळ ठेवा. दगड पॉलिपवर नाही तर खालच्या रिकाम्या बाजूला धरून सावकाश उचला, ओघळणारं पाणी टँकमध्येच पडू द्या आणि दगड बादलीत अलगद बुडवा. झाकण लावा. बादली बाहेर न्या. पाणी उपसायचं असेल तर पाइप तोंडाने ओढून सायफन सुरू करायचा नाही. ही सवय नेहमीसाठीच सोडा.

बाहेर दुसऱ्या बादलीत गोड्या पाण्यात ब्लीचचं द्रावण आधीच तयार ठेवा: एक भाग साधं घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि नऊ भाग पाणी. ब्लीच ताजं हवं. उघडून वर्ष झालेली बाटली निम्मी मेलेली असते. दगड त्यात शिंतोडे न उडवता सोडा आणि वारा तुमच्याकडून बादलीकडे जाईल अशा बाजूला उभे राहा. पृष्ठभागावरचं किंवा पाण्यातलं विष निकामी करायला 0.1 टक्क्याचं हायपोक्लोराइट अर्धा तास पुरतं, असं धरलं जातं. आपलं द्रावण त्याच्या काही पट तीव्र आहे. पण इथे जाड, चिकट ऊतक आहे, सच्छिद्र दगड आहे आणि अशा मांसल गोष्टींवर ब्लीच पटापट खर्ची पडतं. म्हणून मी दगड रात्रभर ठेवतो, ते पाणी टाकून नव्या द्रावणात पुन्हा एक रात्र ठेवतो. पॉलिप पांढरे पडून लोंबायला लागतात, मग सुटतात. बाहेर आणलेल्या बादलीतल्या टँकच्या पाण्यातही ब्लीच घालून ते तासभर उघड्यावर ठेवा आणि मगच ओता. अवजारं, ग्लोव्ह्ज, टिश्यू सगळं त्याच द्रावणातून काढा.

इथे एक सक्त मनाई. आपल्यापैकी बरेच जण पंप साफ करायला व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड वापरतात आणि दगड धुवायला कुणी म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिडही वापरतं. ब्लीचच्या बादलीत यातलं काहीही पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ती बाटली त्या दिवशी हाताशीही ठेवू नका.

दगड पुन्हा वापरायचा असेल तर ब्लीचनंतर भरपूर पाण्यात धुवा, सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. तुमच्या जागी मी असतो तर तो पुन्हा टँकमध्ये घातला नसता, पण तो पसंतीचा प्रश्न.

टँकमध्ये परतल्यावर ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरा, पंप सुरू करा आणि दोन-तीन दिवसांनी कार्बन बदला. पाण्याचा पाचवा हिस्सा बदलला तर आणखी बरं. हात, मनगटं, मान साबणाने धुवा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

कधी त्रास झालाच तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. काम करताना किंवा नंतर काही तासांत तोंडाला कडू-धातूची चव, खोकला, छातीत जडपणा किंवा थंडी जाणवली, तर सगळं तिथेच सोडून सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत या. थोडं बरं वाटतंय का ते बघत बसू नका, रुग्णालयात जा. या विषावर उतारा नाही. ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधं, सलाईन, हृदयावर आणि स्नायूंच्या एन्झाइमवर लक्ष, असे आधाराचेच उपचार असतात आणि ते वेळेवर मिळाले की बहुतेक लोक बरे होतात. तिथल्या डॉक्टरांनी हे नाव पूर्वी ऐकलेलं असेलच असं नाही. म्हणून कागदावर 'पॅलिटॉक्सिन, पॅलिथोआ कोरल, श्वासावाटे' किंवा 'जखमेतून', आणि संपर्काची वेळ लिहून न्या. मोबाइलमध्ये दगडाचा फोटो ठेवा. 'माशांच्या टँकमुळे' एवढंच सांगितलं तर तुम्हाला तापाच्या गोळ्या देऊन परत पाठवतील. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. कातडीवर लागलं तर साबणाने धुवा. आसपास बधिरपणा किंवा सूज पसरत असेल तर तेही रुग्णालयाचंच काम.

आणि बोटावरची एखादी छोटी जखम काही आठवड्यांनीही बरी होत नसेल, गाठ येऊन हळूहळू मनगटाकडे सरकत असेल, तर त्याचं कारण बहुधा वेगळं असतं: टँकच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू. तेव्हाही डॉक्टरांना टँकबद्दल सांगाच, नाहीतर साध्या अँटिबायोटिकवर महिने जातात.

मुलीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. टँक असू द्या, तिला त्यापासून तोडू नका. झाकण लागलेलं असावं, तिने एकटीने हात घालू नये, आणि खाली पडलेला कुठलाही रबरी, चिकट तुकडा उचलू नये, मोठ्यांना हाक मारावी. सहा वर्षांच्या मुलांना कारण सांगितलं तर ती हे नीट पाळतात.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: हा दगड सुटा आहे की रचनेच्या पायाशी दबलेला? सुटा असेल तर वर लिहिल्याप्रमाणे करा. पायाशी असेल तर त्याला ओढून काढायच्या आधी थांबा, कारण वरचे दगड कोसळले तर पॉलिप चिरडले जातील आणि काचही जाईल. तसं असेल तर वरची रचना कशी उतरवायची ते आधी ठरवावं लागेल. पुढून आणि बाजूने काढलेले फोटो पाठवा, आणि तोपर्यंत टँकमध्ये हात घालायचाच झाला तर ग्लोव्ह्ज घालून घाला.